पापण्यांचा खर्च

उजव्या डोळ्याच्या बाहुलीत ट्यूबलाइटचा एक पांढरा ठिपका पडला होता. त्या ठिपक्यापासून वर, पापणीवरून लोंबणाऱ्या कातडीच्या कडेपर्यंत, पारदर्शक पट्टीवर दीड मिलिमीटर भरलं. डाव्या डोळ्याला जेमतेम एक. सीमंतिनीने तीनदा मोजलं, कारण एकदाच घेतलेल्या मापावर तिचा कधीच विश्वास नव्हता, आणि तिन्ही वेळा तेच आलं. हे अंतर चारच्या आसपास असायला हवं. तीन वर्षांपूर्वी तिचं अडीच होतं.

“अगं, आरसा झिजून जाईल,” बाहेरून मधुसूदन म्हणाला. “चाय गार होऊन राहिलीय.”

गेलं वर्षभर तो हे असलं काहीतरी रोज म्हणत होता आणि दुसऱ्या कुणी हसायच्या आत स्वतःच हसून घेत होता. वीजमंडळातून निवृत्त झाल्यापासून त्याला घरात श्रोते कमी पडायचे. माणूस वाईट नव्हता. रागावायला सोयीचा नव्हता, एवढंच.

खासगी बाजार या पेठेच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या फ्लॅटपासून दौलतगंजातली लॅब चालत बारा मिनिटांवर होती. चोवीस वर्षं ती तिथे सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा बघत होती. काच बघायला दोन हात लागतात. डावा हात फोकसवर, उजव्याने काच पुढे सरकवायची. पण पापणीची कातडी लोंबायला लागली तसा एक हात कपाळाकडे जायला लागला. पापणी बोटाने वर धरायची, मान मागे टाकायची आणि मग उरलेल्या एका हाताने कधी फोकस, कधी काच. पूर्वी तासाला बारा काचा व्हायच्या, आता सात. शेवटी तिने उपाय काढला. लॅबमध्ये सलाईनची सुई चिकटवतात ती कागदी पट्टी होतीच. तिचे दोन बारीक तुकडे कापून ती पापण्या भुवईखाली चिकटवून टाकायची. दुपारपर्यंत कातडी लाल व्हायची, पण दोन्ही हात मोकळे राहायचे.

लॅबचे मालक डॉक्टर विक्रमसिंह यांनी एकदा तिला त्या अवतारात पाहिलं. दोन दिवसांनी चहाचा कप घेऊन तिच्या टेबलापाशी उभे राहिले.

“मैडम, काउंट तो अब मशीन दे ही देती है. आप दिवाली के बाद फ्रंट डेस्क देख लीजिए. बैठने का काम है, आराम रहेगा.”

“काच तर कुणाला तरी बघावीच लागेल ना सर,” ती हिंदीतच म्हणाली. “मशीनला मलेरियाचा जंतू दिसत नाही.”

“नया लड़का रख लेंगे,” ते म्हणाले. अगदी सौजन्याने म्हणाले. “आपकी आँखें थक गई हैं.”

तिचे डोळे थकलेले नव्हते. चष्म्याचा नंबर सहा वर्षांत बदललेला नव्हता, डोळ्यामागचा पडदा ठीक होता, मोतीबिंदूचं नाव नव्हतं. खिडकीची काच स्वच्छ असावी आणि पडदा अर्धा ओढलेला असावा तसा प्रकार होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. वरच्या पापण्यांची जादा कातडी काढायची, दीड तासाचं काम, आठवड्यात टाके निघतात. ते ऐकल्यालाही आता पावणेदोन वर्षं झाली होती.

पावणेदोन वर्षं का लागली, याचं खरं उत्तर तिला ठाऊक होतं आणि ते तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मुलाने, विहंगने, पुण्यात फ्लॅट बुक केला. त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आकडे चालले होते. इतकं लोन, इतकं त्याचं, इतकं सासऱ्यांचं. मधुसूदनने मोठ्या ऐटीत म्हटलं, “आणि चार लाख आईच्या एफडीतले धर. ताबा मिळायच्या वेळी देऊ.” एफडी सीमंतिनीच्या एकटीच्या नावावर होती. लॅबच्या पगारातून, घरात लागेल ते काढून उरलेल्या पैशांतून तिने ती बावीस वर्षं वाढवली होती. त्या क्षणी ती पोळ्या लाटत होती. हातात लाटणं, कॉल मोठ्या आवाजात, पलीकडे सूनबाई हसऱ्या चेहऱ्याने बघतेय. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं त्या दिवसापासून होकार म्हणून घरात वावरत होतं.

तेव्हापासून तिला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि पैसे उभे करण्याच्या ज्या ज्या वाटा तिने शोधल्या त्या ते वाक्य बोलावं लागू नये म्हणूनच.

पहिली वाट विम्याची. मधुसूदनच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पॉलिसीत तिचं नाव होतं. विमा कंपनीचं म्हणणं होतं की पापणीमुळे नजर अडते हे यंत्रावर सिद्ध करा. त्यासाठी दोन चाचण्या. एक पापण्या आहेत तशा ठेवून, दुसरी चिकटपट्टीने वर उचलून. दोन्हींत फरक दिसला तर उपचार; नाही दिसला तर हौस.

एप्रिलमध्ये तिने ती चाचणी दिली. पांढऱ्या घमेल्यासारखं यंत्र, हनुवटी टेकायची, समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची, कडेला कुठे दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. “आराम से बैठिए, आंटी,” यंत्रावरची मुलगी म्हणाली. सीमंतिनीला वाटलं, पाहुणचाराचं बोलतेय. ती ताठ बसली. एमएस्सीला विद्यापीठात दुसरी आलेली बाई होती ती. आयुष्यात एकही पेपर तिने सैल बसून लिहिलेला नव्हता. एकही दिवा सुटता कामा नये म्हणून तिने जीव डोळ्यांत आणला. उठली तेव्हा कपाळ ठणकत होतं. मुलगी म्हणाली, “वाह आंटी, एक भी गलत नहीं.” सीमंतिनीला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं.

जूनमध्ये पत्र आलं. दोन्ही चाचण्यांत लक्षणीय फरक नाही. सदर शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धक स्वरूपाची असल्याने दावा नामंजूर.

ते पत्र हातात घेऊन ती न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहिली. तिला काहीतरी कळत होतं आणि कळायला नको होतं. तिने दोन्ही हातांचे तळवे कपाळावर ठेवले आणि भुवया खाली दाबून धरल्या. आरशाचा वरचा अर्धा भाग नाहीसा झाला. खिडकी गेली, ट्यूबलाइट गेली, स्वतःचे केस गेले. हात काढले, सगळं परत आलं. म्हणजे सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत ती भुवयांनी पापण्या उचलून धरत होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. रोज संध्याकाळी दुखणारं कपाळ, ती पित्त समजत होती ते, हमाली होती. आणि चाचणीच्या खोलीत, जिथे अर्धा तास फक्त आहे तसं बसायचं होतं, तिथे तिने जन्मभराच्या सवयीने सगळ्यात जास्त हमाली केली होती. पैकीच्या पैकी गुण घेतले होते आणि नापास झाली होती.

तिचा राग आवाजात येत नसे, हातांत येई. त्या दिवशी तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून घासले. मधुसूदनने पत्र वाचलं, चष्मा काढला.

“सौंदर्यवर्धक,” तो म्हणाला. “बघ, सरकारी भाषेत तुझी तारीफच आहे.”

“खाजगी कंपनी आहे ती,” ती म्हणाली आणि डाळीच्या डब्याचं झाकण इतकं घट्ट लावलं की ते नंतर दोघांनाही उघडेना.

दुसरी वाट हप्त्यांची. नवरात्रात एका दुपारी दोघं सिटी सेंटरकडच्या एका क्लिनिकमध्ये गेले. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आठ मिनिटं भेटले आणि चांगले वाटले. त्यांनी पापणीची कातडी चिमटीत धरून बघितली, “करून घ्या, फायदा होईल,” म्हणाले. मग पैशांचं बोलायला काचेच्या केबिनमध्ये पाठवलं. तिथे अंशुल नावाचा तरुण होता. कोट, टाय, टॅबलेट. भिंतीवर एका बाईच्या चेहऱ्याचे दोन फोटो होते, आधीचा आणि नंतरचा. आधीच्या फोटोत तिला उदास उभं केलं होतं आणि नंतरच्यात तिच्या कानात मोती होते.

“आंटीजी, अभी दिवाली ऑफर है,” अंशुल म्हणाला. “अपर के साथ लोअर लिड भी ले लीजिए, थर्टी परसेंट ऑफ. दस साल छोटी लगेंगी.”

“मला दहा वर्षांनी लहान दिसायचं नाही,” सीमंतिनी मराठीत म्हणाली, मग हिंदीत, सावकाश, एकेक शब्द वेगळा काढून सांगितलं. “मुझे ऊपर का ट्रैफिक सिग्नल देखना है. सिर्फ ऊपर की पलकें. कितना?”

“नाइंटी थाउजंड, दोनों. प्लस जीएसटी एटीन परसेंट. सोलह हज़ार दो सौ.”

“इलाजावर जीएसटी नसतो.”

“इलाज पर नहीं होता आंटीजी. कॉस्मेटिक पर होता है. आपका तो इंश्योरेंस ने कॉस्मेटिक लिख दिया ना, तो हम क्या करें.”

तिने टेबलाच्या कडेवर हात ठेवला. आधी विमा कंपनीने तो शब्द वापरून नव्वद हजार वाचवले. आता त्याच शब्दावर सोळा हजार दोनशे वाढले. एका शब्दाने दोन्हीकडून खाल्लं, आणि तो शब्द ज्या कागदावर बेतला होता तो तिने स्वतःच्या हाताने, एकही दिवा न चुकवता, बनवून दिला होता.

मधुसूदन तोवर खुर्चीत पुढे सरकला होता. भाव करायची वेळ आली की तो खुलायचा.

“अच्छा भैया, एक आँख का कितना?”

अंशुल हसला. त्याला वाटलं थट्टा आहे.

“नहीं, सच में. इस साल एक, अगले साल दूसरी. वैसे भी डावीच जास्त खराब आहे ना गं?”

सीमंतिनीने नवऱ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्याला कधी पुढचे दोन दात एक एक वर्षाने बसवून घे असं कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी त्याच्या गुडघ्याचं झालं तेव्हा सर्वांत महागडा सांधा घातला, आणि कुणी त्याला विचारलं नाही की चालायचंय की ऐटीत चालायचंय.

“ईएमआई कर देते हैं सर,” अंशुल म्हणाला. “बारा महीने, आठ हज़ार आठ सौ पचास. ज़ीरो इंटरेस्ट.”

“आणि रोख दिले तर?” तिने विचारलं.

“कैश में टेन परसेंट डिस्काउंट.”

“मग ज़ीरो कसं?” ती म्हणाली. “रोखीने पंचाण्णव हजार पाचशे ऐंशी. हप्त्यांनी एक लाख सहा हजार दोनशे. वरचे दहा हजार सहाशे वीस हे व्याजच झालं. आणि मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, म्हणजे दर वर्षाला वीस टक्क्यांच्या आसपास.” तिने हे हिंदीत नीट मांडून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. अंशुलने टॅबलेट किंचित स्वतःकडे वळवला.

“और आंटीजी, एज फिफ्टी सेवन है, सैलरी भी कम है, तो को-एप्लिकेंट लगेगा. अंकलजी साइन कर देंगे.”

“क्यों नहीं,” अंकलजी म्हणाले. “पण भैया, वो इंश्योरेंस दुबारा नहीं हो सकता क्या?”

अंशुलने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “हो सकता है. फ्रेश टेस्ट लगाइए, अपील डालिए. बस इस बार आंटीजी थोड़ा कम दबाएँ. ऊपर वाली लाइट दिखे भी, तो छोड़ दें. सब ऐसे ही करते हैं.”

“बघ,” मधुसूदन तिच्याकडे वळून म्हणाला. “किती सोपं. थोडी ॲक्टिंग.”

“मला खरोखर दिसत नाही,” ती म्हणाली.

“हाँ तो वही ॲक्टिंग करायची.”

ती उठली. पर्स घेतली, कोटेशनचा कागद घेतला, घडी घातली. जिन्यात थांबली आणि मागून येणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, “अहो, मी खरं सांगते तेव्हा मी नापास. आणि खोटं केलं की पास. हे तुम्हाला चालतं?”

“तू पण ना,” तो म्हणाला. “हर बात का पहाड़. अगं, जग असंच चालून राहिलंय. नाहीतर पुढच्या वर्षी बघू, विहंगचं एकदा मार्गी लागू दे.”

ई-रिक्षात ते शेजारी शेजारी बसले. बाड्याच्या चौकात गर्दी होती, दिवाळीची खरेदी सुरू झाली होती, टोपी बाजाराच्या तोंडाशी रिक्षा दहा मिनिटं अडकली. मधुसूदन रिक्षावाल्याशी कांद्याच्या भावावर बोलत होता. सीमंतिनी समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत होती. भुवया खाली सोडल्या की पाटी अर्धी व्हायची. तिने तसंच बसून राहायचं ठरवलं, भुवया न उचलता, घर येईपर्यंत. हे फार अवघड होतं. दर काही सेकंदांनी कपाळ आपोआप कामाला लागायचं आणि तिला ते पुन्हा खाली आणावं लागायचं. एवढी वर्षं न सांगता राबणाऱ्या त्या स्नायूचा तिला एकदम कमालीचा राग आला. कोणी सांगितलं होतं त्याला? न बोलता उचलून धरलं म्हणून तर कुणाला काही कळलं नाही.

दसऱ्याला विहंग आला. एकटाच आला, सूनबाईला रजा नव्हती. येताना बिल्डरचं पत्र घेऊन आला होता. पंधरा तारखेच्या आत शेवटचा हप्ता, मग किल्ली. दसऱ्याच्या दुपारी जेवायला मधुसूदनच्या मोठ्या बहीण सुनंदाताईही होत्या. त्यांचं सासर गावातच, आणि सणाच्या दिवशी भावाकडे श्रीखंड खाल्ल्याशिवाय त्यांचा दसरा होत नसे. सीमंतिनी पुऱ्या तळत होती आणि गरम गरम आणून वाढत होती. तीन ताटं मांडली होती. तिचं नंतर.

“काय गं,” सुनंदाताई म्हणाल्या, “डोळ्यांचं काय म्हणून राहिला होता मधू? ऑपरेशन करून राहिलीस म्हणे.”

“करायचंय, वन्सं.”

“ह्या वयात डोळे मोठे करून आता कुणाला बघायचंय? मधूला तर पस्तीस वर्षं बघतेच आहेस.”

“बघून बघून कंटाळली ना,” मधुसूदन म्हणाला. “म्हणून तर पापण्या खाली आल्या, ताई.”

तिघंही हसले. विहंगही हसला, पण मग आईच्या चेहऱ्याकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याने हातातली पुरी ताटात ठेवली. स्वभावाने मायाळू मुलगा होता.

“नाही पण आई, सीरियसली,” तो म्हणाला. “तुला कुणी काही बोललं का? तू जशी आहेस ना, तशीच सुंदर दिसतेस. इन सब के चक्कर में मत पड़. हे क्लिनिकवाले आधी माणसाला इनसिक्योर करतात, फिर पैकेज बेचते हैं. मैंने देखा है ना, माझ्या ऑफिसमध्ये दोघींनी केलं. काय फरक पडला?”

क्लिनिकवाल्यांबद्दल त्याचं म्हणणं बरोबरच होतं, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. सीमंतिनी झारा हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सत्तावन्न वर्षांत तिला सुंदर कुणी म्हटलेलं नव्हतं. नवऱ्याने नाही, सासूने नाही, कांदेपोहे खायला आलेल्या चार जणांनी नाही. आज म्हटलं. नेमकं आजच, हप्ता पंधरा तारखेला असताना. मुलाच्या मनात कपट नव्हतं हे तिला दिसत होतं. त्याला खरंच वाटत होतं की तो आईला काहीतरी देतोय.

“मला कुणी काही बोललं नाही,” ती म्हणाली. “मला वरचं दिसत नाही.”

“दिसत नाही मतलब? चष्मा बदल ना.”

“चष्म्याचं नाही. पापणी आडवी येते. काच बघताना हाताने धरावी लागते. दिवाळीनंतर डॉक्टर मला पावत्या फाडायच्या टेबलावर बसवणार आहेत.”

“ते तर चांगलं झालं ना,” सुनंदाताई म्हणाल्या. “सुटलीस. किती दिवस ते लोकांचं रक्त बघत बसायचं.”

“आणि रिपोर्ट तर नॉर्मल आलाय,” मधुसूदन श्रीखंडाची वाटी पुढे करत म्हणाला. “मशीनने सांगितलं ना, फरक नाही म्हणून. मशीन काय खोटं बोलून राहिली?”

“मशीन खोटं बोलली नाही. मी त्या दिवशी भुवया वर...” तिने सुरुवात केली. झारा खाली ठेवला, दोन्ही हात कपाळाकडे नेले, त्यांना दाखवायला, की हे असं दाबलं की असं होतं. तिघंही तिच्याकडे बघत होते. विहंगच्या चेहऱ्यावर सहनशील काळजी होती, सुनंदाताईंच्या चेहऱ्यावर गंमत, मधुसूदनची नजर अर्धी वाटीकडे.

हात तिथेच थांबले. ती पुन्हा पुरावा देत होती. विमा कंपनीला दिला, अंशुलला दिला, आता स्वतःच्या घरात, श्रीखंडाच्या तीन ताटांसमोर उभी राहून द्यायला निघाली होती. आणि समजा, पटलं त्यांना. समजा, तिघंही म्हणाले की हो, तुला खरंच दिसत नाही. तर मग ते परवानगी देणार होते. तिच्या पैशांची. आणि पटलं नसतं तर? तिला नुसतंच वाटलं असतं की आरशात रोज झोपेतून उठल्यासारखा चेहरा दिसू नये, लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक बाईने “मैडम, रोई हैं क्या” असं विचारू नये, तर तेवढं कारण पुरलं नसतं? बावीस वर्षांचे पैसे, आणि ते खर्चायचं कारण दुसऱ्या कुणाला का पुरायला हवं होतं?

तिने हात खाली घेतले. गॅसवर तेल तापून धुराला लागलं होतं. आत जाऊन तिने गॅस बंद केला आणि परत आली. मधुसूदनला ती गप्प झाल्यासारखी वाटली, म्हणजे नेहमीप्रमाणे विषय संपला असं वाटलं.

“तर मग असं,” तो विहंगला म्हणाला. “परवा बँक उघडली की मी आणि आई जाऊ. एफडी मोडून तिथूनच बिल्डरला पाठवून टाकू. चार लाख. आईने फक्त सही करायची. डोळ्यांचं काय, ते कुठे पळून जाऊन राहिलेत.”

“थँक्यू आई,” विहंग म्हणाला. “मी पुढच्या वर्षी नक्की तुझं ऑपरेशन... मतलब, हवं असेल तर.”

सीमंतिनीने चौथी, रिकामी खुर्ची ओढली आणि तिघांच्या बरोबरीने टेबलाशी बसली. समोर ताट नव्हतं. सुनंदाताईंनी तिच्याकडे चमकून बघितलं; पुऱ्या अजून व्हायच्या होत्या.

“विहंग,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच शांत वाटला. “दोन वर्षांपूर्वी बाबा म्हणाले तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि काही बोलले नाही. ती माझी चूक. तू त्या भरवशावर राहिलास, त्याबद्दल मला वाईट वाटतं.”

“म्हणजे?” विहंग म्हणाला.

“अगं, जेवू दे ना त्याला,” मधुसूदन म्हणाला.

“जेवू दे. मी फक्त सांगतेय.”

“काय सांगून राहिलीस तू?” सुनंदाताईंचा हात श्रीखंडात तसाच होता. “मुलाचं घर अडून राहिलंय आणि तुला डोळ्यांची पडलीय? कोणती आई असं करते गं?”

“माझ्या ओळखीत नाही कुणी,” सीमंतिनी म्हणाली. “मलाही म्हणूनच दोन वर्षं लागली.”

विहंगचे कान लाल झाले होते. लहानपणी रडू आवरताना व्हायचे तसे. तिचा हात त्याच्या पाठीकडे जायला निघाला. तिने तो मांडीवर दाबून ठेवला.

“आई, पंधरा तारीख आहे,” तो म्हणाला. “मी आता कुठून आणू?”

“हप्त्यांवर मिळतात पैसे. तुझं वय कमी आहे, पगार चांगला आहे, तुला सहअर्जदार लागणार नाही. कागद आण, व्याज किती पडतं ते मी तुला काढून देईन.”

“कमाल आहे,” मधुसूदन म्हणाला. या वेळी तो हसला नाही. “मला न विचारता? अगं, मी शब्द दिलाय त्याला.”

“तुम्ही माझे पैसे दिलेत, अहो. शब्द तेवढा तुमचा होता.” ती मुलाकडे वळली, कारण हे त्याला सांगायचं होतं आणि त्याच्याकडे बघूनच सांगायचं होतं. “तुझ्या फ्लॅटला मी पैसे देणार नाही. परवा बँकेत मी एकटी जाणार आहे. एफडी मोडणार आहे, आणि दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन एकदमच करून घेणार आहे.”